खाऱ्या मातीचा घट

॥ जय गजानन ॥

हुडकेश्वर, नागपूर
दि. ९ सप्टेंबर २०२५

चि. मधुसूदन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडून काल पोचलं ते असं. साडी एक, हिरवी, महालक्ष्म्यांची म्हणून पाठवलेली. साडेआठशेची चिठ्ठी काढायची राहिली होती, ती मी काढली. घरचे मूग दोन किलो, बाजारभावाने सव्वादोनशे धरले. आणि हक्कसोडपत्र एक, पाचशेच्या स्टॅम्पावर, सुबक टाइप केलेलं, खाली माझ्या नावापुढे रिकामी जागा. बसस्टँडवरून पार्सल घरी आणायला ऑटोवाल्याने ऐंशी घेतले. साडी आणि मूग वहीत जमा केले. कागद जमा केला नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण मी हो म्हटलं की तुला स्वच्छ ऐकू येतं, नाही म्हटलं की तुझ्याकडे आवाज तुटतो. म्हणून लिहायला बसले.

तुझं म्हणणं मी समजले ते सांगते, चुकलं तर दुरुस्त कर. बाबांची खारोळ्याची जमीन सहा एकर. रस्त्याकडची तीन चांगली, ती तू करतोस, त्यावर मी आजवर बोलले नाही. नाल्याकाठची तीन खारपाणाची, वर मीठ फुलतं, तिथे काही उगवत नाही. ती तुला सोलरवाल्या कंपनीला तीस वर्षांच्या कराराने द्यायची आहे. सातबाऱ्यावर वारस म्हणून तुझ्याबरोबर माझंही नाव आहे. तेवढं निघालं की कंपनीचा रस्ता मोकळा.

तर पहिली गोष्ट, पितृपक्ष लागला आहे. ज्या हाताने बाबांच्या पानावर वडा वाढायचा, त्याच हाताने त्याच पंधरवड्यात त्यांची जमीन सोडल्याची सही मी करणार नाही.

दुसरी गोष्ट पितृपक्ष संपल्यावरही टिकणारी आहे. हे घर तुझ्या भाऊजींच्या नावाने. विजेचं बिल त्यांच्या नावाने. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव. बँकेच्या पुस्तकात मी आहे, पण त्यांच्यामागे ‘किंवा’ लावून. बापाची लेक म्हणून मी जगात एकाच कागदावर आहे, आणि तो तुमच्या तलाठ्याकडे आहे. तुझे भाऊजी म्हणाले, “करून टाक ना सही. खाऱ्या मातीपायी भाऊ तोडतेस काय?” मी म्हटलं, “भाऊ सहीवर टांगलेला असेल तर तो आधीच तुटला आहे.” मग ते पेपर वाचायला लागले.

तिसरी गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची खुशी कृषी महाविद्यालयात शिकते. तिला मी विचारलं, खारपाणात बी मरतं का? ती म्हणाली, “काकू, पाणी असतं तिथे. पण मीठ ते धरून बसतं, बियाला पिऊ देत नाही.” मला लगेच समजलं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की फोडींचंच पाणी सुटतं आणि त्या सुरकुततात, तसंच ते. मी म्हटलं, मग बियाला आधीच पाणी पाजून पाठवलं तर? ती म्हणाली, तेच करतात. ज्वारी गोड्या पाण्यात भिजवायची, आतलं काम सुरू झालं की मोड फुटायच्या आधी उपसायची, सावलीत वाळवायची आणि मग पेरायची. असं बी मातीत पडल्यावर वेळ घालवत नाही, मीठ वर चढायच्या आत वर येतं. सगळंच येतं असं नाही, पण जास्त येतं.

मी आधी माझ्या अकलेने केलं. फडक्यात बांधून मटकीसारखे मोड काढले. चांगले लांबसडक निघाले. वाळवल्यावर सगळे मेले. खुशी हसली, म्हणाली, “काकू, आपल्याला उसळ नाही करायची.” आता मला जमलं आहे.

म्हणून माझं मागणं एवढंच. नवरात्रात घट बसवायला मी दरवर्षी बाजारातून मातीची पिशवी आणते. यंदा नाल्याकाठची माती पाठव. घटाच्या अर्ध्या भागात साधी ज्वारी टाकीन, अर्ध्यात भिजवून वाळवलेली. देवीसमोर खोटं होत नाही. तोवर कागद फडताळात राहील, सहीशिवाय.

मेघाला आशीर्वाद.

तुझी ताई,
प्रेमिला

*

खारोळा, ता. दर्यापूर
दि. १५ सप्टेंबर

ताई,
नमस्कार.

पत्र भेटलं. ऑटोचे ऐंशी रुपये म्या तुले फोनवरून टाकून दिले, पाहून घे. म्हणजे पुढच्या पत्रात ते तरी येणार नाही.

आता मले सांग, तू काय करून राहिली वं? नाल्याकाठचं वावर तू कधी पाहिलं होतं? लग्नाच्या आधी पाहिलं असशील. आता येऊन पाय. सकाळी असं दिसते का कोणी रांगोळीचं पोतं सांडून गेलं. पाऊस आला का चिखल, उघडला का दगड. तिथल्या विहिरीच्या पाण्याचा चहा मांडला तर दूध फाटते. म्या काय पेरलं नाही त्यात? गहू पेरला, करडी पेरली, ज्वारी पेरली. करडी तरी चार बोटं वर आली, ज्वारीनं तोंड नाही दाखवलं. अन् तू नागपुरात नळाचं पाणी पिऊन मले सांगतं का बियाले आधी पाणी पाज. बी आहे ते, व्याही नाही, पाणी पाजून पाटावर बसवाले.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. आजूबाजूच्यायनं सगळ्यायनं दिलं, शेजारच्या गोविंदानं तर कराराचे पेढे वाटले. मधात आपलीच तीन एकर राहिली. दर वर्षी ठरलेलं भाडं, ना पावसाची वाट पाहाची, ना पिकातले रोही हाकलाचे. माह्यी पाठ आतापासून बोलून राहिली, ताई. त्याच्यात मले काय चुकीचं दिसते ते सांग. तुले पैशाचं मनात असंल तर सरळ बोल, भाड्यातला वाटा तुले पाठवत जाईन. नावासाठी काहून अडून बसली? नाव काय चाटाचं आहे?

माती काढाले मेघाले सांगतलं आहे, एस.टी.नं पाठवतो. पण मंग माह्यं बी ऐक. उगवलं तर म्या सही मांगणार नाही. नाही उगवलं तर दिवाळीच्या आत सही करून कागद मले पाहिजे. देवीसमोर खोटं होत नाही म्हणतं ना, तर हो कबूल.

भाऊजींना नमस्कार सांग. मले त्यायची दया येते.

तुझा,
मधू

*

॥ जय गजानन ॥

हुडकेश्वर
दि. १ ऑक्टोबर, नवमी

चि. मधू यास आशीर्वाद.

मी कबूल झाले होते, आता तू हो.

घट बसवला तो तुझ्या मातीत. मध्ये सुपाऱ्यांची ओळ मांडून दोन भाग केले, डावीकडे साधी ज्वारी, उजवीकडे माझी. तिसऱ्या माळेला उजवीकडे हिरवं दिसलं. पाचव्या माळेला ओंजळभर. आज नवमीला अशी दाट उभी आहे की कलश अर्धा झाकला गेला. शेजारच्या इंदूबाई आरतीला आल्या, त्या म्हणाल्या, “काय टाकलं वं मातीत?” मी म्हटलं, “मीठ.”

डावीकडची साधी ज्वारीही चांगली उगवली. एखादा दिवस उशिरा, पण उगवली. खुशी मान वाकडी करून बघत होती. म्हणाली, “काकू, खाऱ्या मातीत साधंही इतकं कसं आलं?” मी तिला म्हटलं, देवीसमोर शंका काढू नये. जिथे देवी बसते तिथे मिठाचं काय चालतं. फोटो तिनेच काढून तुला पाठवला आहे. पारावर नेऊन दाखव. पेढेवाल्या गोविंदाला आधी.

आता पुढचं ऐक. दसरा झाला की वावर वखरून ठेव. ओल आहे तोवर पेरणी झाली पाहिजे. बियाणं मी इथून तयार करून पाठवीन.

तुझं हक्कसोडपत्र पाचशेचं होतं, ते वाया जाऊ नये म्हणून त्याच्या पाठीवर दिवाळीच्या किराण्याची यादी लिहिली आहे. कागद जाड आहे, पेन छान चालतो.

तुझी ताई,
प्रेमिला

*

खारोळा
दि. ६ ऑक्टोबर, कोजागिरी

ती. ताईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मी यांना न दाखवता लिहून राहिली आहे. वाचून झाल्यावर रागवा, पण पूर्ण वाचा.

फोटो आल्यावर दोन दिवस हे तो पुन्हा पुन्हा काढून पाहत होते. मग पारावर गेले आणि सगळ्यांना दाखवून आले. “आमच्या ताईनं खारपाणात उगवून दाखवलं,” म्हणत होते. चेहरा पडलेला होता अन् छाती फुगलेली, दोन्ही एकाच वेळी. काल तिफन बाहेर काढली, धुतली, तिला तेलपाणी केलं. हक्कसोडीचं नाव घेत नाहीत.

ताई, ती माती नाल्याकाठची नव्हती.

मी गेली होती नाल्याकाठी. टोपलंभर काढली, डोक्यावर घेऊन घरी आणली. अंगणात ठेवली तर वरून पांढरी भुकटी दिसत होती. मग माह्या मनात आलं, ही माती देवीच्या घटाला जाणार. घट रिकामा राहिला तर घराला बरं नसते म्हणतात. तुमच्या घरात रिकामा घट, अन् माती माह्या हातची. माह्या सासूबाई असत्या तर त्यांनीही दिली नसती. मी ती ओतून टाकली आणि परसातली, तुळशीजवळची काळी माती चाळून भरली. मला वाटलं देवीसाठी देते आहे. तुम्ही भावा-बहिणींनी तिच्यावर पैज लावली हे मला कुठे माहीत होतं? यांनी पत्र स्वतः लिहून पाकीट चिकटवून टाकलं. मला पैज कळली ती फोटो आल्यावर, पारावरून परत आलेल्या यांच्या तोंडून.

तुळशीखालच्या मातीत तर खडाही उगवेल. साधी ज्वारी उगवली तेव्हाच तुम्हाला कळायला पाहिजे होतं ना, ताई? तुम्ही हिशेब तर पै-पैचा करता.

आता मी अडकली आहे. सांगितलं तर हे नवीन कागद करून आणतील. नाही सांगितलं तर बी वावरात मरेल आणि कागद तरीही येईल, वरून तुमची बदनामी.

मला कंपनी नको आहे. यांच्याजवळ बोलता येत नाही, तुमच्याजवळ बोलते. भाडं यांच्या खात्यात जमा होईल. आज वावर आहे तर त्यात माह्यं काम आहे, घरात माह्या शब्दाला जागा आहे. वावरात काचा लागल्या की मी दुसऱ्याच्या वावरात रोजानं निंदायला जाईन, अन् हे मला म्हणतील, तुले कोणी सांगतलं जाले.

खरी माती सोबतच्या पिशवीत आहे. या वेळी वरची, पांढरीच भरली. चाखून पाहा, कळेल.

आपली,
मेघा

*

॥ जय गजानन ॥

हुडकेश्वर
दि. १६ ऑक्टोबर

चि. मधू,

घट फसला. जी माती तू नाल्याकाठची समजून पाठवलीस आणि मी नाल्याकाठची समजून पूजली, ती तुझ्या परसातल्या तुळशीची होती. देवीला खारी माती कशी द्यायची म्हणून मेघाने बदलली आणि पैजेचं कळताच तिने स्वतः मला कळवलं. ते कळवायला जी हिंमत लागते ती तुझ्या-माझ्यात नव्हती, म्हणून तिला एक शब्द बोलायचा नाही. बोललास तर मला कळेल, आणि मग मी पत्र लिहीत बसणार नाही, पहिल्या बसने येईन.

पारावर फोटो दाखवला आहेस, आता लोक हसतील. हसू दे. माझी चूक त्याहून मोठी होती. साधी ज्वारी देवीने माझ्या डोळ्यांसमोर उगवून दाखवली, की बाई, माती खारी नाही, बघ. खुशीलाही दिसलं. मीच हात जोडून डोळे मिटले होते आणि त्याला भक्ती समजले. त्याबद्दल मी देवीची क्षमा मागितली आहे. तुझी मागणार नाही.

आता पुढचं. खरी माती मेघाने पाठवली. चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकावं लागलं. या वेळी देव्हाऱ्यात नाही, गच्चीवर दोन जुन्या कुंड्यांत पेरली. नवस नाही, सुपारी नाही. साधी ज्वारी शंभर दाणे टाकले, त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली आणि त्यातलीही निम्मी दुसऱ्या दिवशी मान टाकून पडली. भिजवून वाळवलेली शंभरातली साठ आली. घटातल्यासारखी तरारलेली नाही, जरा किरकोळ, पण उभी आहे. कुंडीच्या ज्या बाजूला मीठ जास्त फुललं तिथे दोन्ही मेली, तेही लिहिते. तुला हवं ते लपवून हवं ते दाखवणं मला जमणार नाही, ते मेघालाही जमलं नाही.

तेव्हा पैज मी हरले असं समजू नकोस. ती मांडलीच गेली नव्हती. आता मांड.

सोबतच्या पार्सलात एका एकराची ज्वारी आहे. सकाळी पूजेआधी भिजत घातली, दिवेलागणीला उपसली, धोतराच्या फडक्यावर पंख्याखाली पसरली. भिजवण्याआधी जेवढं वजन होतं तेवढंच पुन्हा भरेपर्यंत वाळवली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिली. बोटाला कोरडी लागेल, पण आतून ती आता झोपलेली नाही. हिला उन्हात ठेवू नकोस. पत्र्यावर तर नाहीच. आणि मनात येईल की जाता जाता अजून थोडं पाणी दाखवू, तर तुझ्या विहिरीचं पाणी हिला लावू नकोस. ते लावायचं तर मग एवढा उपद्व्याप कशाला केला? नेहमीपेक्षा जरा दाट पेर, मेलेल्यांची जागा धरून.

दिवाळीची मुदत मी पाळणार नाही. बी माझी सही बघून उगवत नाही.

धनत्रयोदशीचा दिवस चांगला आहे, त्या दिवशी तिफन लाव. मेघाला आशीर्वाद.

तुझी ताई,
प्रेमिला

*

खारोळा
दि. २९ ऑक्टोबर

ताई,
नमस्कार.

मेघाले म्या काही बोललो नाही. बोलाले तोंड उघडलं तर तिनं तुह्यं पत्रच समोर धरलं. तुम्ही दोघी कवापासून अशा एक झाल्या, मले पत्ता नाही.

पारावर लय हसले. गोविंदा म्हणे, “मधूभाऊ, तुळस पेरा आता वावरात.” ते ऐकून मले राग आला तो तुह्या नाही, त्याचा. म्हणून धनतेरसले तिफन लावली. पण म्या बी तुह्याच बापाचा लेक आहो. सगळी तुह्यी ज्वारी नाही पेरली. तिफनीचा एक फेरा तुह्या ज्वारीचा अन् एक घरच्या कोठीतल्या साध्या ज्वारीचा, असं आलटून पालटून पेरलं. म्हटलं, सगळं मेलं तर ताईले म्हणता येईल का मातीच तशी आहे. सगळं आलं तर म्हणता येईल का पाऊसच चांगला होता यंदा, मीठ खाली उतरलं. कोणत्याही रस्त्यानं म्याच बरोबर निघणार होतो.

झालं असं का जी साधी होती ती बोळक्या म्हाताऱ्यासारखी आली, इथं एक दात, तिथं एक दात. अन् तुह्यी आली. सगळी नाही. जिथं पांढरं चोपण आहे तिथं टक्कल पडलं आहे, तिथं काही नाही. बाकी जागी ताशी धरून उभी आहे, लांबून पाहिलं तर हिरवी रेघ, मधात सुनं, मंग पुन्हा हिरवी रेघ. लुगड्याच्या काठासारखं दिसते. गोविंदा येऊन पाहून गेला. तंबाखू मळत उभा राहिला.

आता हिशेबाचं बोलू. मी म्हटलं होतं उगवलं तर सही मांगणार नाही. याले उगवलं म्हणाचं काय? अर्धं वावर सुनं आहे. उगवलं म्हणजे उगवाले पाहिजे, ताई, उगवल्यासारखं नाही. अन् कणसं भरतील का नाही ते देवाले माहीत. पुढं फेब्रुवारीत हुरडा होईल का कडबा, कोणाले सांगता येते? कंपनीचं भाडं सांगता येते. कंपनीवाला कार्तिक संपेपर्यंत थांबतो म्हणे, मंग तो नाल्याच्या पलीकडून जाईल. नवीन कागद सोबत पाठवला आहे. याच्या मागं किराणा लिहू नको, पाचशे रुपये झाडाले नाही लागत.

तुह्यं नाव काढलं म्हणून तू काय बापाची लेक नाही राहणार?

तुझा,
मधू

ता.क. ताई, हे पाकीट या वेळी मी चिकटवून राहिली आहे. यांनी लिहिलं नाही ते सांगते. हे रोज सकाळी चहाच्या आधी नाल्याकाठी जातात. विचारलं तर म्हणतात, परसाकडे गेलो होतो. परवा रोह्यांचा कळप आला तर बाभळीच्या काट्या तोडून चारही बाजूंनी कुंपण घातलं, हाताला फोड आले. कंपनीला द्यायच्या वावराला कोणी काट्या लावते काय? मेघा.

*

॥ जय गजानन ॥

हुडकेश्वर
दि. ४ नोव्हेंबर

चि. मधुसूदन यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आणि कागद पोचले. या कागदामागे काही लिहिलेलं नाही. पुढेही काही लिहिणार नाही.

उगवलं म्हणजे काय, हे तू मला विचारतोस. बाईला दिवस गेले की ती गरोदर असते, मधू. कोणी तिला अर्धी गरोदर म्हणत नाही, आणि बाळंतपण कसं होईल ते माहीत नाही म्हणून तिला गरोदर नाही असंही कोणी म्हणत नाही. कणसाचं कणसाच्या वेळी बघू. तू पैज उगवण्यावर लावली होतीस, भरण्यावर नाही. तुझ्याच अक्षरात आहे, आणि त्याच पत्रात ज्वारीने आजवर तोंड दाखवलं नाही असंही तुझ्याच अक्षरात आहे. या वर्षी दाखवलं. तुला अजून कसली साक्ष हवी?

सगळं उगवणार नाही, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. खुशीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, टक्कल पडलं आहे तिथे दुसरे उपाय आहेत, दोन-तीन पावसाळे लागतील, आणि सरसकट सगळं कधीच येणार नाही. मी म्हटलं, चालेल. सरसकट आलेलं मी आयुष्यात काही पाहिलेलंच नाही.

तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर. नाव काढलं तरी मी बापाची लेक राहीनच. पण मग तुझं नाव काढून बघ. तूही बापाचा लेक राहशीलच. तुला चालेल? चालत नसेल तर मला का चालावं, हे एकदा मेघाला समजावून सांग, मग मला लिही.

आता मी ठरवलं आहे ते सांगते. विचारत नाही, सांगते. सहा एकर, वारस दोघं. तीन तुझी, तीन माझी. भांडण नको, कोर्ट नको, दोघांच्या संमतीने तहसीलदारासमोर वाटणी करून घेऊ. आणि मला रस्त्याकडची चांगली जमीन नको. ती तुझी धर. माझ्या वाट्याला नाल्याकाठची दे. ती काही कामाची नाही असं तू सांगत आला आहेस, तेव्हा ती मला देताना तुझं काही जात नाही. आणि जात असेल, तर ती कामाची आहे असं तूच म्हणतो आहेस. दोन्हीपैकी कुठलं खरं ते तू ठरव, मला कुठलंही चालेल.

कंपनीला जमीन द्यायची तर खुशाल दे, रस्त्याकडची दे. तिथे मीठ उडून काचांवर बसणार नाही. तुझ्या वाट्यात मी बोलणार नाही.

माझा वाटा मी बटईने देणार आहे, निम्मं पीक माझं, निम्मं करणाऱ्याचं. करणारीचं नाव मेघा. तिला विचारून झालं आहे. बियाणं दर साली मी तयार करून पाठवीन, पेरणी-डवरणी ती बघेल, आणि तिच्या हिश्श्याचे पैसे तिच्या नावाच्या खात्यात जातील. खातं उघडायला लागतील ती कागदपत्रं तिने काढून ठेवली आहेत. तुला तिच्याकडे मजुरीने लागायचं असेल तर तिच्याशी बोल. सकाळी चहाच्या आधी हजर असतोस, काट्याही चांगल्या लावतोस असं कळलं आहे. ती नाही म्हणणार नाही.

तुझे भाऊजी हे पत्र वाचून म्हणाले, “तू त्याला फारच कोंडीत पकडलंस.” मी म्हटलं, तो कोंडीत नाही, बांधावर उभा आहे, एक पाय अलीकडे, एक पलीकडे. किती दिवस उभा राहणार? मग म्हणाले, तिकीट मी काढून आणतो. बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून मी त्यांना म्हटलं, माझं एकटीचंच काढा.

येत्या सोमवारी सकाळच्या बसने निघते, दुपारपर्यंत दर्यापूरच्या तहसीलात पोचेन. तू येताना चालू सातबारा आणि बाबांच्या मृत्यूचा दाखला आण. तुझं आधार विसरू नकोस. आधी नाल्याकाठी जाऊन ज्वारी बघायचं माझ्या मनात होतं, पण नको. आधी तहसील, मग वावर. माझं झाल्यावर माझं म्हणून बघीन.

तू सोमवारी तहसीलात येणार की नाही, तेवढं उलटटपाली कळव. मी तर येणारच आहे.

तुझी ताई,
प्रेमिला